एल्सिराचे बिनकेळ्याचे दिवस

एल्सिरा रियास्कोस चुलीपाशी उभी असली की तिच्या अंगातला जाळ कोणाला कळायचा नाही. बुएनाव्हेंतुरा बंदराच्या धक्क्यावर तिची खाणावळ. खाली भरतीचं पाणी, वर लाकडी फळ्या, त्यावर चार बाकडी आणि एक भली मोठी कढई. त्या कढईत दिवसभर हिरवी केळी तळायची, फळीखाली चेपायची, पुन्हा तळायची. अशा जागी बाई घामाघूम झाली तर त्यात नवल काय? म्हणून कितीतरी वर्षं तिचं दुखणं चुलीच्या नावावर खपलं.

पण जाळ चुलीचा नव्हता. तो बाजारात यायचा, चर्चमध्ये यायचा, गार पाण्याने अंघोळ करून अंग पुसत असतानाही यायचा. छातीतून निघायचा, मानेवरून गालांवर चढायचा, आणि मागोमाग पोट ढवळायचं. भात वाढता वाढता एल्सिरा पळी टाकून मागच्या बाजूला पळायची. न्येको नावाचा गोदीतला एक हमाल रोज तिच्याकडे जेवायला असायचा. तो तिला दोन्या, म्हणजे बाईसाहेब, म्हणायचा. ओरडायचा, "दोन्या एल्सिरा, जेवण वाढताय की शर्यत लावलीय?"

ती परत येऊन त्याच्या ताटात मासा आपटायची. "तुझं तोंड बघितलं की माणसाला पळावंसंच वाटतं, त्याला मी काय करू?"

सगळे हसायचे, तीही हसायची. पण ती वाळत चालली होती. झग्याला कमरेशी दोरी बांधायला लागली, तेव्हा शेजारीण म्हणून मीच तिला धरून दवाखान्यात नेलं.

आमच्या शहरातल्या एका डॉक्टरने सांगितलं, वय झालं. दुसऱ्याने जंताचं औषध दिलं. तिसरा म्हणाला, मनाचे खेळ आहेत. चौथा अगदी तरुण होता आणि वाचलेला होता, हे कबूल करते. तो म्हणाला, "असा एक आजार असतो, पण त्यात चेहरा लाल होतो." मग तिच्याकडे बराच वेळ बघत राहिला. "मला तर काही लाल दिसत नाही."

मी म्हटलं, "दिसेल कुठून? ती काळी आहे. मी काळी आहे. हे अख्खं बंदर काळं आहे. तुमचं पुस्तक कोणाचं तोंड बघून लिहिलंय?"

एल्सिराने माझा दंड धरून मला बाहेर काढलं. "नुबिया, बाई, तू भांडलीस की माझं पोट आणखी ढवळतं."

धक्क्यावर मला सगळे भांडखोर म्हणतात. म्हणोत. नळाला पाणी आणि शाळेला छप्पर काही गोड बोलून आलेलं नाही इथे. पण हे दुखणं ओरडून पळणारं नव्हतं, एवढं मला त्या दिवशी कळलं.

डॉक्टर संपले तशी बेत्साबे पुढे झाली. बेत्साबे आंगुलो म्हणजे आमची सुईण. एल्सिराची सगळी मुलं तिच्याच हातांत पडली, आणि थोरल्याला बाप्तिस्म्याच्या वेळी तिनेच कडेवर धरलं. तेव्हापासून दोघी एकमेकींना कोमाद्रे म्हणायच्या. बेत्साबे उसाची दारू गाळून घ्यायची, तीत मुळ्या, पाला, लवंगा घालून बाटल्या जमिनीत पुरून ठेवायची. बाईच्या प्रत्येक दुखण्याला तिच्याकडे वेगळी बाटली. एल्सिरासाठी तिने सगळ्यात जुनी काढली.

एल्सिरा सकाळी एक घोट घ्यायची, संध्याकाळी एक. घोट घशाखाली उतरला की जाळ दुप्पट व्हायचा.

"बघ," बेत्साबे म्हणायची, "औषध भांडतंय."

"अगं कोमाद्रे, पण ते जिंकणार कधी?"

"एका घोटात लढाई जिंकतात होय? घे अजून."

मग गल्लीत कुजबुज सुरू झाली की एल्सिरा पिते. तोंडाला वास, अंगाला घाम, पाय लटपटतात. लोकांना अजून काय लागतं? एल्सिरा कढईतली केळी उलटीपालटी करत राहिली.

मग पित्ताचे खडे असतील म्हणून कोणीतरी तिची सोनोग्राफी करायला सांगितली, आणि यकृतावर डाग दिसले. मोठे, बरेच. डॉक्टर म्हणाला, कॅन्सर आहे, घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला. माझी कानशिलं तापली. मी म्हटलं, कसला कॅन्सर? नाव काय त्याचं? त्याला नाव माहीत नव्हतं. तो चौथा, तरुण डॉक्टर मला व्हरांड्यात भेटला आणि हळूच म्हणाला, "डोंगरापलीकडे काली शहरात एक बाई आहेत, त्या याच जातीच्या गाठी बघतात. तिथे पोहोचवा." त्याला मी तेवढ्यापुरती माफी दिली.

विमावाले म्हणाले, तज्ज्ञाकडे पाठवायची गरज नाही. मी कोर्टात अर्ज टाकला. आमच्या देशात त्याला वकील लागत नाही, हट्ट लागतो. न्यायाधीशाने विमावाल्यांना हुकूम केला, आणि आम्ही डोंगर ओलांडून कालीला गेलो.

डॉक्टर लोंडोन्यो बुटक्या, पांढऱ्या केसांच्या, पायात कापडी बूट. त्यांनी आधी फोटो बघितलेच नाहीत. एल्सिराला म्हणाल्या, "जाळ येईल तेव्हा मला सांगा, तोवर गप्पा मारू." माशांच्या गप्पा निघाल्या. कोळंबीच्या रस्स्यात नारळाचं दूध आधी की नंतर, यावर दोघींचं वाजलंही थोडं. आणि मधेच एल्सिरा म्हणाली, "आला."

बाईंनी हाताची मागची बाजू तिच्या गालाला लावली, मग मानेला, मग छातीला, मग पोटाला. "इथे गरम, इथे, इथे. पोटाला नाही." मी म्हटलं, "लाल दिसत नाही ना?" त्या म्हणाल्या, "दिसायची वाट कशाला बघायची? हात आहे की."

मग त्यांनी समजावलं. आपल्या अंगात जागोजागी काही पेशी असतात, त्या रस सोडतात आणि शरीराला निरोप पोहोचवतात. क्वचित कधीतरी त्यांचीच गाठ होते. न्यूरोएंडोक्राइन ट्यूमर. बहुधा आतड्यात सुरू झाली असावी, तिथून यकृतात गेली. गाठ तो रस सोडत राहते, त्याचा जाळ होतो, त्यानेच पोट बिघडतं. दारू त्यात तेल ओतते.

"मरणार ना मी?" एल्सिराने विचारलं.

"सगळेच मरणार. पण ही गाठ बहुतेक वेळा वल्ह्याच्या होडीने जाते, मोटरबोटीने नाही. आपल्याला वेळ असतो. तो वाया घालवायचा नाही, एवढंच."

सुईने यकृताचा तुकडा काढला, तो फार लहान निघाला. त्यावरून कोणी ठाम बोलेना. मग उरली लघवीची चाचणी. एका अख्ख्या दिवसरात्रीची सगळी लघवी एका कॅनमध्ये गोळा करायची आणि त्या रसाची खूण तीत किती ते मोजायचं. आकडा मोठा निघाला तर डॉक्टर लोंडोन्यो तिचं नाव बैठकीत ठेवणार. महिन्यातून एकदा सर्जन, यकृतवाले, किरणांचे, फोटो वाचणारे असे सगळे एका टेबलाभोवती बसायचे आणि अशा दुर्मीळ दुखण्याच्या माणसांचं ठरवायचे. त्यांनी होकार दिला की जाळ विझवणारं इंजेक्शन सुरू होणार आणि गाठी कुठे कुठे बसल्यात ते दाखवणारा मोठा स्कॅनही. त्या होकारावर सगळं अडलं होतं.

मार्लेनी नावाच्या नर्सने चाचणी होईपर्यंतचं पथ्य बोटांवर मोजून दाखवलं. अननस नाही, अवोकाडो नाही, टोमॅटो नाही, अक्रोड नाही, दारूचा थेंब नाही. आणि केळं नाही. केळ्यात तोच रस असतो, चाचणी फसते.

"पिकलेलं ना?" एल्सिराने विचारलं.

"पिकलेलं, हिरवं, तळलेलं, उकडलेलं, चेपलेलं. केळं नाही."

"मग राहिलं काय?"

"भात, मासा, अंडं."

"म्हणजे तुरुंग," एल्सिरा म्हणाली.

आमच्याकडे केळं हे फळ नाही, जेवण आहे. बाळाला पहिला घास केळ्याचा, आजाऱ्याला पेज केळ्याची, दुखवट्याच्या घरी सगळ्यात आधी केळ्याचा घड जातो. ताटात केळं टाकून उठणारा माणूस रुसलेला असतो, असा इथला समज. एल्सिरा स्वतः दिवसभर तळत होती आणि तोंडात एक चकती घालत नव्हती. गिऱ्हाईकांना वाटलं, तेल खराब झालंय. न्येकोने चकती हातात धरून उजेडात बघितली. "दोन्या, तुम्ही खात नाही ते आम्हाला घालता?"

"खा मुकाट्याने. तुला काही होत नाही, दुर्दैवाने."

चाचणीच्या दिवशी कॅन मी खाणावळीच्या फ्रिजमध्ये ठेवला, बिअरच्या शेजारी. तो गार ठेवायचा असतो. वर डांबराने मोठी फुली मारली. तरी न्येकोने विचारलंच, "हा नवा ज्यूस कुठल्या फळाचा?" एल्सिरा म्हणाली, "माझा आहे. ग्लास भरू?" त्या दिवशी तो बिअर न घेताच गेला.

खरी अडचण बेत्साबेची झाली. बाटली बंद झाल्याचं एल्सिराने तिला सांगितलं तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "म्हणजे माझ्या हातचं विष झालं? माझ्या आईच्या हातचं, तिच्या आईच्या हातचं?" आणि गेली. गेली ती येईना. समोरून जायची तेव्हा होड्यांकडे बघत जायची. एल्सिरा जाळ सोसत होती, पोट सोसत होती, पण हे तिला सोसत नव्हतं. कढईपाशी उभी राहून सारखी रस्त्याकडे बघायची.

लघवी गोळा करायच्या दिवशी, दुपारी, बेत्साबे दारात उभी. हातात झाकलेली हंडी. तापाओ आणलं होतं. खारवलेला मासा, कोथिंबिरीसारखा वास असलेला पाला आणि हिरवं केळं, एकत्र शिजवलेलं. आजाऱ्याला तेच देतात आमच्याकडे.

"घाबरू नकोस," ती म्हणाली, "केळं सगळं काढून टाकलंय. एकेक तुकडा वेचलाय. नुसता रस्सा आहे."

मी मागे कॅनचं झाकण लावत होते. पुढे झाले आणि तोंड उघडणार, तेवढ्यात एल्सिराने माझ्याकडे असं बघितलं की मी मागे सरले. तिने वाटी घेतली. बेत्साबे समोर बाकड्यावर बसली, गुडघ्यांवर हात ठेवून. एल्सिराने पहिला घोट घेतला, क्षणभर थांबली, आणि मग सगळी वाटी संपवली. तळाला राहिलेलं बोटाने पुसून घेतलं.

"मीठ?" बेत्साबेने विचारलं.

"बरोबर आहे, कोमाद्रे. तुझ्या हातचं कधी चुकलंय?"

बेत्साबे गेल्यावर मी सुटले. "अक्कल गहाण टाकलीस का? रस्सा दाट कशाने झाला? केळ्यानेच ना!"

"पहिल्या घोटाला कळलं मला."

"मग?"

"तिने एकेक तुकडा वेचला होता गं माझ्यासाठी. इतक्या दिवसांनी दारात आली होती. तिच्या समोर थुंकू?"

"तिथे यातलं अक्षर बोलायचं नाही," मी बजावलं. ती वाटी विसळायला गेली. मी ते हो समजले.

निकाल ऐकायला गेलो तेव्हा बेत्साबेही आली. कोणी बोलावलं नव्हतं. हट्टाने बसमध्ये बसली. म्हणाली, माझ्या कोमाद्रेला तपासणारी बाई मला बघायचीय. डॉक्टर लोंडोन्योंच्या खोलीत तीच सगळ्यात मोठ्या खुर्चीत बसली.

"आकडा खूप मोठा आलाय," बाई म्हणाल्या. आवाजात सुटकेसारखं काहीतरी होतं. "आज दुपारीच बैठक आहे. एकच विचारते. पथ्य पाळलं? केळं पोटात गेलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "मी स्वतः पहारा दिलाय."

मला त्याची लाज वाटत नाही. घरी जाऊन मरायला सांगितलेल्या बाईला मी टेबलापर्यंत आणलं होतं. एक वाटी रश्शासाठी तिची पाळी जाऊ देणार नव्हते.

पण एल्सिरा मांडीवरच्या पिशवीचा बंद गुंडाळत होती. म्हणाली, "गेलं, डॉक्टरीणबाई. रस्सा प्यायले. केळं काढलेला. पण होतं त्यात."

मग बेत्साबे उठली.

"तुला कळलं होतं?"

"स्वयंपाकीण आहे मी, कोमाद्रे."

"आणि गिळलंस?"

"तू समोर बसली होतीस."

"अगं गाढवे! तुझी पोरं मी काढली तेव्हा तू मला लाथा घातल्यास, शिव्या दिल्यास, माझ्या आईचा उद्धार केलास! तेव्हा नाही लाज वाटली, आणि एक वाटी परत करायला लाज वाटली?" तिने डोक्याचं फडकं काढलं, नाक पुसलं आणि डॉक्टरांकडे वळली. "बाई, चूक माझी. मला वाटलं, तुकडे काढले की केळं गेलं."

"आमच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा माणूस तेच समजतो," डॉक्टर लोंडोन्यो म्हणाल्या. "आणि मार्लेनीनेही रश्शाचं सांगितलं नाही. आता सांगेल." त्यांनी निकाल बाजूला ठेवला.

"बाजूला काय ठेवता?" मी म्हटलं. "आकडा आहे ना? एका वाटीने एवढा होतो का? न्या वर!"

"कदाचित नसेल होत. पण मला तिथे पहिला प्रश्न विचारतील, बाई कुठल्या? बुएनाव्हेंतुराच्या. मग केळं खाल्लंच असेल, म्हणतील. आज मी नाही म्हटलं आणि उद्या ते खोटं निघालं, तर तुमच्या बंदरावरून येणाऱ्या पुढच्या बाईचा आकडा कोणी मानेल का?"

मी खिडकीबाहेर बघत बसले.

बाईंनी एल्सिराचं नाव यादीतून काढलं नाही. चाचणी पुन्हा, पुढच्या बैठकीत, असं ठरलं. फक्त चाचणी इथेच करायची. रुग्णालयामागे बाहेरगावच्या आजाऱ्यांसाठी एक घर होतं, सगळ्यांना मिळून एक स्वयंपाकघर. एल्सिराला तिथे ठेवलं. बेत्साबे म्हणाली, मीही राहते. मी धक्क्यावर परतले, कढई सांभाळायला. माझ्या हातची केळी न्येकोला आवडली नाहीत, ते त्याने रोज सांगितलं.

मी मधून मधून कालीला जायचे. एल्सिराचे ते दिवस सोपे गेले नाहीत. जाळ दिवसातून कितीतरी वेळा यायचा, ती भिंतीला धरून चालायची, आणि बैठक पुढे होती. तिने तक्रार केली नाही. मी विचारलं, "पस्तावतेस?" म्हणाली, "केळ्याची आठवण येते. बाकी नाही."

बेत्साबे मात्र पोलीस झाली होती. स्वयंपाकघरातली सगळी भांडी राखेने घासून मगच भात चढवायची. नारळाचा भात, उकडलेला मासा, रोज तेच. शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याने एल्सिराला प्रेमाने पिकल्या केळ्याचं काप पुढे केलं, तर तिने ते मधल्यामध्ये पकडून स्वतः खाल्लं. "तुमचा मान राखला, आजोबा." तिने गुपचूप आणलेली बाटलीही होती. मार्लेनीपाशी बसून तिने विचारलं, यातलं काय जाळ वाढवतं, पाला की दारू? मार्लेनी म्हणाली, दारू नक्कीच. पाल्याचं मला माहीत नाही. बेत्साबे उठली आणि बाटली दारावरच्या रखवालदाराला देऊन टाकली. तो दुसऱ्या दिवशी अजून आहे का विचारायला आला.

दुसरा आकडा पहिल्यापेक्षा थोडा कमी आला. पण निरोगी माणसाच्या कितीतरी वर. आता त्यात केळं नव्हतं, बेत्साबेचा रस्सा नव्हता, फक्त गाठ होती. आनंदाने उड्या माराव्यात अशी ही बातमी नाही, तरी आम्ही तिघींनी एकमेकींना मिठ्या मारल्या. बैठकीत काय बोलणं झालं ते मला माहीत नाही. बाई बाहेर आल्या आणि मान हलवून हो म्हणाल्या.

आधी कातडीखाली छोटी इंजेक्शनं दिली, काही दिवस, अंगाला मानवतात का बघायला. जाळ विरळ झाला. पोटाची पळापळ थांबली, एल्सिरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक अख्खं जेवण जागेवर बसून जेवली, आणि मार्लेनीने ते बघितलं. मग मोठं इंजेक्शन, दाट, ढुंगणात खोल, महिनाभर पुरणारं. स्कॅनची तारीख मिळाली. आतड्यातली मूळ गाठ कापायची की नाही ते त्यावरून ठरेल. यकृतातल्या जाणार नाहीत, असं बाईंनी स्वच्छ सांगितलं. त्यांना लगाम घालायचा, आणि दर महिन्याला यायचं.

परतीच्या बसमध्ये एल्सिरा एका कुल्ल्यावर तिरकी बसली होती. मी पुढच्या सीटवर, विमावाल्यांना पुढच्या महिन्याचं इंजेक्शन कसं मागायचं याचा विचार करत. घाट चढून बस माथ्यावर आली, काचांवर धुकं आलं. मागे हालचाल झाली, म्हणून मी वळले.

"कोमाद्रे," एल्सिरा म्हणाली, "तुझी शाल दे."

"का गं? काय होतंय?"

"थंडी वाजतेय."

बेत्साबेने हाताची मागची बाजू तिच्या गालाला लावली, मग मानेला. दोन्ही गार होते. आणि शाल काढून तिच्या खांद्यांवर टाकली, टोकं गळ्याशी घट्ट बांधली.